एकशे चार चौकटींची चोरी

१

प्रूफ परत आलं तेव्हा त्यावर एकही खूण नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत असं प्रूफ मी पाहिलेलं नाही. लेखक मंडळींना दुसरं काही सुचलं नाही तर निदान एखादा स्वल्पविराम तरी हलवायचा असतो. इथे एकशे चौऱ्याऐंशी पानं कोरी करकरीत, आणि पहिल्या पानावर टाचणीने लावलेली चिठ्ठी.

"या पुस्तकातून माझ्या आईला काढून टाकलं आहे. ज्याने काढलं त्याने तिला परत आणून ठेवावं. तोवर पुस्तक छापायला माझी संमती नाही."

मी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. काही बोध होईना. सोमवार होता आणि शुक्रवारी पुस्तक छपाईला जायचं होतं.

आमचं प्रकाशन म्हणजे तीन खोल्या, एक अरुंद जिना आणि कायम कुरकुरणारा प्रिंटर. मी प्रूफं तपासते, आणि लेखकांच्या न उघडणाऱ्या फाइली उघडून देते. कुणाची फाइल रुसली, कुणाच्या अक्षरांचा कचरा झाला, कुणाची पानं एकमेकांत घुसली की ती माझ्या टेबलावर येते. म्हणून ऑफिसात मला वैद्यीणबाई म्हणतात. दोन वर्षांनी निवृत्त होणार आहे, तोवर माझ्या हातून एकही रोगी दगावलेला नाही, असं मी त्या सोमवारपर्यंत अभिमानाने सांगत असे.

पुस्तक होतं एका भावा-बहिणीचं. त्यांचे वडील दीपस्तंभाचे रखवालदार होते. भोवती समुद्र, बेटावर हे एकच घर, आणि त्या घरातलं यांचं बालपण. लिहिलं होतं भावाने, पण वडिलांचे फोटो आणि कागदपत्रं दोघांची, त्यामुळे करारावर सह्याही दोघांच्या. चिठ्ठी बहिणीची होती.

त्याच दुपारी त्या स्वतः आल्या. साठी ओलांडलेल्या, शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज चढवतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती पिशवीतून कागदांची चळत काढली आणि आमच्या प्रूफाशेजारी ठेवली. ही त्यांच्या घरच्या प्रिंटरवर छापलेली प्रत होती.

डावीकडे भावाचा मजकूर, शब्दन् शब्द आमच्या प्रूफातला. पण उजवीकडे, जवळजवळ प्रत्येक पानावर, रेघांनी आखलेल्या चौकटी आणि त्यांत बहिणीचं लिहिणं. भाऊ वरच्या दिव्याबद्दल सांगतोय तर चौकटीत खालचं स्वयंपाकघर. भाऊ बाबांच्या दुर्बिणीत रमलाय तर चौकटीत आईने पावसाचं पाणी कसं गाळून साठवलं ते. मी मोजल्या. एकशे सात. आमच्या प्रूफात यातल्या फक्त तीन होत्या, त्याही मजकुरात मिसळलेल्या. बाकी एकशे चार गेल्या होत्या, आणि इतक्या सफाईने की कुठे भोक दिसत नव्हतं.

"दादाच्या लिहिण्यात आई सात ठिकाणी येते," ताई म्हणाल्या. "त्यातल्या सहा ठिकाणी ती वाढत असते."

हे दादांनीच केलं असेल तर, असं मी चाचरत विचारलं.

"तर मला भाऊ नाही असं समजेन," त्या म्हणाल्या. "माझं नाव गाळलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. तुम्ही शुक्रवारपर्यंत शोधून काढा. मग मी काय ते ठरवते."

कागद मात्र त्यांनी पुन्हा पिशवीत घातले. प्रत एकच होती. दादांना विचारा, पण ही दाखवू नका, असं त्यांनी मला बजावलं. त्यात काय आहे ते त्याला पाठ आहे, म्हणाल्या. जाताना त्यांनी पेन ड्राइव्हवरच्या मूळ फाइलमधली पहिली आठ पानं तेवढी माझ्या संगणकावर उतरवू दिली, नमुन्यापुरती.

२

चोर आधी घरात शोधावा, म्हणून मी मागच्या खोलीत गेले. तिथे आमचा डीटीपीवाला कानात गाणी अडकवून पानं लावत बसतो. लेखकाची फाइल आपल्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये ओढायची, अक्षरं बदलायची, पानं पाडायची, हे त्याचं काम. अशा ओढाओढीत काय काय गळून पडतं ते मला चांगलं माहीत आहे. तळटीपा जातात, तिरपी अक्षरं सरळ होतात, आणि शेजारच्या चौकटी तर हमखास जातात. मला वाटलं, सापडला. दहा मिनिटांत प्रकरण मिटणार.

त्याने कानातलं काढलं, माझं ऐकून घेतलं आणि न बोलता मेलमध्ये आलेली मूळ फाइल उघडून दिली. ती त्याने हात लावण्यापूर्वीची होती. मी पान पान खाली गेले. चौकटी नव्हत्या. तीन उतारे मात्र होते, एकेका रेघेच्या घरात बसवलेले; त्या रेघा तेवढ्या आपण काढून टाकल्या, असं त्याने कबूल केलं. म्हणजे फाइल आमच्याकडे आली तीच लुटलेली.

मेल दादांच्या पत्त्यावरून आली होती. फाइलच्या कुंडलीत लिहिलं होतं, शेवटची साठवण तीन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी सकाळी अकरा वीसला, दादांच्याच संगणकावर. आणखी एक गोष्ट होती. ताईंची फाइल नव्या प्रकारातली होती, ही जुन्या. नावाच्या शेपटीची अक्षरं वेगळी.

मग हा प्रकार बदलल्याचा दोष असेल का? तेही मी करून पाहिलं. ताईंची आठ पानं घेतली, माझ्या संगणकावर त्याच जुन्या प्रकारात साठवली, बंद करून पुन्हा उघडली. नऊ चौकटी आत गेल्या होत्या, नऊच्या नऊ परत आल्या, एकीची रेघसुद्धा हलली नव्हती. तीनदा केलं, तीनदा तेच.

यंत्र निर्दोष होतं. म्हणजे कुणीतरी माणूस बसला होता आणि त्याने एकेक चौकट निवडून पुसली होती. मला ते पटेना, पण दुसरं काही दिसेना.

३

आमचे संपादक ऑफिसात कात्री या नावाने ओळखले जातात. दोनशे पानांचं पुस्तक त्यांच्याकडे गेलं की दीडशेचं होऊन येतं, आणि लेखक आभारही मानतो. दादांना ते दोन महिन्यांपूर्वी भेटले होते, तेही घरी जाऊन. माझा संशय त्यांच्याकडे वळला यात माझा काय दोष?

त्यांनी हसून मान्य केलं की, पुस्तकात एकच आवाज असावा, असं आपण दादांना सांगितलं होतं. पण ते त्या तीन उताऱ्यांबद्दल. "मध्येच तीन ठिकाणी भाषा बदलते. मी विचारलं, तर म्हणाले, ते बहिणीचे आहेत, ते राहू द्या. हट्टच धरला त्यांनी. चौकटी वगैरे मी पाहिल्या नाहीत."

मग त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकलं, खुर्चीत रेलले आणि मला एक प्रश्न विचारला. उरलेल्या तीन कशाबद्दल आहेत?

कोंबड्यांबद्दल. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याबद्दल. आणि वाऱ्यात कपडे वाळत घालण्याबद्दल.

"आणि गेलेल्यांत?"

मी ताईंच्या कागदांत पाहिलेली एकसष्टावी चौकट त्यांना सांगितली. दादांच्या मजकुरात एक प्रसंग आहे, पुस्तकातला सगळ्यात मोठा. दोन दिवस दाट धुकं पडलं. धुक्यात दिवा दिसत नाही, तेव्हा घंटा वाजवावी लागते, हाताने, दर मिनिटाला एक टोला. दादा लिहितात की बाबांनी दोन दिवस घंटा वाजवली, जहाजं वाचवली, नोंदवहीत त्यांची सही आहे. शेजारी ताईंची चौकट म्हणते की बाबा त्या दोन दिवसांत तापाने अंथरुणाला खिळले होते, आणि घंटा आईने वाजवली.

कात्रीसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, यात आता शोधायला काय राहिलं? निरुपद्रवी होत्या त्या तीन ठेवल्या. हट्ट धरून ठेवल्या, म्हणजे बहिणीला काही बोलता येऊ नये. बाबांच्या मूर्तीला धक्का लावणाऱ्या काढल्या.

उत्तर नीट बसत होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

४

दादांकडे मी बुधवारी सकाळी गेले. सत्तरीचे, उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. एकटे राहतात. खोलीत एक टेबल, खिडकीत बाबांचा फोटो, आणि टेबलावर एक संगणक, इतका जुना की मला त्याच्या तब्येतीची विचारपूस करावीशी वाटली. त्यांना त्याचा अभिमान होता. त्याच्याबरोबर जे लिहायचं साधन फुकट आलं तेच आपण बारा वर्षं वापरतो, वेगळं काही विकत घेतलं नाही, टाकलं नाही, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं.

मी सरळ चौकटींचं विचारलं.

"कसल्या चौकटी?" ते म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काही हललं नाही. तीस वर्षं मी लेखकांच्या सबबी ऐकत आले आहे. खोटं बोलणारा माणूस जरा जास्तच बोलतो. हे गृहस्थ उत्तर देऊन माझ्याकडे बघत राहिले, जणू पुढचा प्रश्न मीच चुकीचा विचारणार आहे.

काम कसं चालायचं ते त्यांनी सांगितलं. ते एक प्रकरण लिहायचे, बहिणीला मेल करायचे. आठवड्याने ती तेच परत पाठवायची, दादा वाचून बघ म्हणून. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि कळवायचे, वाचलं, छान. शेवटी सगळी प्रकरणं तिने एकत्र करून पाठवली, ती त्या मंगळवारी त्यांनी पुन्हा वाचली, साठवली, आणि आम्हाला धाडली. साठवताना संगणक काहीबाही विचारतो, त्याला हो म्हणायचं.

"आणि ते तीन उतारे?"

त्यांचा चेहरा उजळला. "चिमीने मध्येच एकदा पाठवले. कोंबड्यांचा वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. लगेच फोन केला तिला, म्हटलं, आणखी लिही ना. ती गप्प झाली. नंतर काही लिहिलंच नाही तिने. तिच्या मनात नसेल."

एकशे सात चौकटी लिहिणाऱ्या बहिणीबद्दल हा माणूस सांगत होता की तिने काही लिहिलंच नाही. इतकं शांत, इतकं मायेने बोललेलं खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. राग येईना, नुसतं गोंधळल्यासारखं झालं.

धुक्यात घंटा कोणी वाजवली, मी विचारलं.

"बाबांनी. लिहिलंय की मी."

तुम्ही होता तिथे? नव्हते. ते दहा वर्षांचे होते, किनाऱ्यावरच्या शाळेच्या वसतिगृहात. त्यांनी पुढे नोंदवहीत वाचलं. त्या वहीत फक्त रखवालदाराने लिहायचं असा नियमच होता. दुसऱ्या कुणाला जहाज दिसो, ढग दिसो, मेलेला पक्षी दिसो, त्याने चिठ्ठीवर लिहून वहीशेजारी ठेवायचं. बाबांनी तोच नियम घरातही लावला होता. दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नाही, काही सांगायचं असेल तर शेजारी चिठ्ठी ठेवायची.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. कडीवर हात ठेवून थोडा वेळ तसेच थांबले.

"चिमी बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. "गेल्या रविवारी तिने फोन उचलला नाही. असं कधी करत नाही ती."

५

जिना उतरताना माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दादा चोर असतील तर ते माझ्या पाहण्यातले सगळ्यात निष्पाप चोर होते. नसतील तर चौकटी पुसल्या कुणी? फाइल त्यांच्या संगणकावर साठवली गेली, तिथे दुसरं कुणी जात नाही. प्रकार बदलल्याने काही जात नाही, ते मी स्वतः तीनदा पाहिलं. चोर नाही आणि चोरी मात्र आहे.

मी तशीच ताईंकडे गेले आणि म्हटलं, सगळ्या चौकटी मला वाचू द्या, इथेच बसून.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी अडीच तास वाचत होते. एकसष्टावीसारख्या, बाबांना खाली उतरवणाऱ्या चौकटी किती असतील? पाच. फार तर सहा. बाकी सगळं साधंसुधं होतं. बटणांचा डबा. आईने पोत्याचा शिवलेला कोट. आणि दादाची तारीफ तर जागोजागी. दादाने मला पोहायला शिकवलं. दादा सुट्टीत यायचा तेव्हा माझ्यासाठी वसतिगृहातले खडूचे तुकडे आणायचा. कात्रीसाहेबांचं उत्तर इथेच कोसळलं. स्वतःची लाज झाकायला चोरी करणारा माणूस स्वतःचं कौतुक कशाला पुसेल?

मग मी ते तीन कागद वेगळे काढून समोर मांडले. कोंबड्या, साबण, कपडे. मजकुरात सारखं काही नव्हतं. मी वाचणं सोडलं आणि नुसतं पाहिलं. आणि तेव्हा दिसलं. बाकी सगळ्या चौकटी दादांच्या मजकुराच्या शेजारी होत्या. या तीन शेजारी नव्हत्या. परिच्छेदाच्या खाली, पानाच्या पूर्ण रुंदीत होत्या.

"या अशा का?" मी विचारलं.

ताईंना आठवायला वेळ लागला. त्या आठवड्यात त्यांचा संगणक दुरुस्तीला गेला होता. त्या वाचनालयातल्या संगणकावर बसल्या. तिथे चौकटीचं बटण सापडेना. शेवटी तिथल्या ग्रंथपालबाईंनी एक तक्ता काढून दिला, एकाच घराचा, आणि म्हणाल्या, यातच लिहा.

"आणि तोच तो आठवडा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक झाला. "दादाने फोन करून टोमणा मारला. आणखी लिही ना, म्हणे. तोवर चाळीस लिहून झाल्या होत्या माझ्या. मला वाटलं, त्याला फार होतंय. मी फोन ठेवला आणि दोन दिवस जेवले नाही. मग म्हटलं, आईसाठी लिहायचंय, लिहीन. पण बोलणार नाही."

मी खुर्चीतून उठले.

"ताई, मला ही फाइल द्या, अख्खी," मी म्हटलं. "कागद नको. आणि चप्पल घाला. तुम्ही माझ्याबरोबर चला."

६

त्या दादांच्या खोलीत शिरल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. दादांनी चिमे म्हणून हाक मारली, त्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी दोघांच्या मध्ये बसले, जुन्या संगणकाला ताईंची फाइल दिली आणि ती उघडायची वाट पाहत बसले.

पहिलं पान आलं. दादांचा मजकूर होता. उजवीकडे काही नव्हतं.

दुसऱ्यावर नाही, दहाव्यावर नाही. मी सावकाश खाली जात राहिले. कोंबड्या आल्या, रेघेच्या घरात, नीट बसलेल्या. साबण आला, कपडे आले. मग पुन्हा शेवटपर्यंत दादांचाच मजकूर.

"ताई, इकडे या," मी म्हटलं. "ही तुमचीच फाइल आहे. अजून कुणी काही पुसलेलं नाही."

त्या आल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या.

मी त्यांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं. नव्या प्रोग्रॅममधली चौकट म्हणजे मजकुरात लिहिलेला मजकूर नव्हे. ती पानावर वरून ठेवलेली वेगळी वस्तू असते. दादांचा फुकटचा जुना प्रोग्रॅम साधा आहे. त्याला मजकूर कळतो, तक्ता कळतो, पण वरून ठेवलेली चौकट त्याला कळतच नाही. तो ती दाखवत नाही, आणि साठवताना टाकून देतो. तसं तो विचारतोही. मी साठवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: या फाइलमधल्या काही गोष्टी जपता येणार नाहीत, तरीही साठवायचं?

"हेच," दादा म्हणाले. "हेच विचारतो. मला वाटायचं, रंगबिंग असेल काहीतरी."

माझी चूक मी त्यांच्यासमोर कबूल केली. मी प्रयोग केला तो माझ्या ऑफिसच्या धडधाकट संगणकावर. तिथे चौकटी टिकल्या म्हणून मी यंत्राला सोडून माणसाला धरलं. रोगी इथे होता आणि मी नाडी माझीच पाहिली. तक्त्यातल्या तीन वाचल्या त्या निरुपद्रवी होत्या म्हणून नव्हे. त्या आठवड्यात वाचनालयात बटण सापडलं नाही म्हणून.

मला वाटलं होतं, आता सुटकेचा श्वास ऐकू येईल. चोर नव्हता, पण ताईंचा चेहरा पहिल्यापेक्षा उतरला होता, आणि मला त्याचं कारण कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तू एकही वाचली नाहीस," ताई म्हणाल्या. "तीन वर्षं. वाचलं, छान, असं लिहायचास. मला वाटायचं ते माझ्यासाठी आहे."

"मला वाटायचं, तुला काही म्हणायचं नाही," दादा म्हणाले. "मी लिहितो ते तू जसंच्या तसं परत पाठवतेस. मला वाईट वाटायचं."

७

मी जायला निघाले, पण ताईंनी माझा हात धरून ठेवला. मग त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि दादांच्या पुढ्यात ठेवले.

दादांनी चष्मा बदलला. ते कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते, एकेक चौकट, बोट खाली सरकवत. पोहण्याच्या चौकटीशी त्यांनी नाक ओढलं. बटणांच्या डब्याशी ते म्हणाले, हा डबा मी विसरलोच होतो. ताई खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या. पुढे काय येणार ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. शेवटी एक तरी भांडण होणारच, अशी मी मनाची तयारी केली होती. बाबांचा फोटो खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होता.

एकसष्टावी चौकट त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. ती मला आता पाठ आहे. "बाबांना तापात उठून बसता येत नव्हतं. घंटा आईने वाजवली, दोन दिवस, दर मिनिटाला एक. दोर भिजून जड झाला होता. मी सहा वर्षांची होते, मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. तिने सांगितलं, दादाला सांगू नकोस, त्याला अभ्यास आहे."

त्यांनी तो कागद खाली ठेवला.

"त्या महिन्यात मी सुट्टीला आलो होतो," दादा म्हणाले. "आईच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. मी विचारलं. ती म्हणाली, गरम भांडं धरलं. तिने मला डाव्या हाताने वाढलं, आणि वाडगं निसटलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, चिमे. मी ओरडलो तिच्यावर."

ताई वळल्या.

मी मध्ये तोंड घातलं, कारण मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, काळजी करू नका, शुक्रवारी नाही तर पुढच्या शुक्रवारी, मालकांना मी सांगते. या सगळ्या चौकटी मी आमच्या संगणकावर नीट बसवून देईन, दादांच्या मजकुराशेजारी, होत्या तशा.

"शेजारी नको," दादा म्हणाले.

त्यांनी संगणक पुढे ओढला आणि धुक्याचं प्रकरण शोधून काढलं. बाण त्या वाक्याच्या शेवटी नेला. अख्खं वाक्य एकदम कसं पुसायचं ते त्यांना येत नव्हतं. मी दाखवणार होते, पण थांबले. त्यांनी एकेक अक्षर मागे जात पुसलं, सही, नोंदवही, टोला, दोन दिवस, आणि अगदी शेवटी, सगळ्यात सावकाश, बाबांनी.

मग ते खुर्चीतून उठले आणि खुर्ची बहिणीकडे फिरवली.

"मला नाही जमणार, दादा," ताई म्हणाल्या. "तुझ्या लिहिण्यात मी कशी हात घालू?"

"मी तिथे नव्हतो," दादा म्हणाले. "तू होतीस. बस."

ताई बसल्या. हात पदराला पुसले. मग एका बोटाने, शोधत शोधत, त्यांनी रिकाम्या ओळीत पहिला शब्द लिहिला, आईने, आणि मागे वळून भावाकडे पाहिलं. दादा त्यांच्या खांद्यामागे उभे राहून तो वाचत होते.